कंबरदुखीची सगळी कारणं, एक सोडून

माझी कंबर दुखायला लागली तेव्हा तिच्यावर हक्क सांगायला इतके जण पुढे आले की ती माझी एकटीची राहिलीच नाही. नवरा म्हणाला, मुतखडा. शेजारीण म्हणाली, वात. नणंद फोनवरून म्हणाली, गादी बदला, कापसाची घ्या. बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या बाईंनी तळोज्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना बोल लावला, आणि ते मला बरंचसं पटलं, कारण नावड्याहून पावण्याकडे जाताना आमची बस अशी उडायची की अर्धा प्रवास सीटवर आणि अर्धा हवेत व्हायचा. सगळ्यांचं मी ऐकून घेतलं. विश्वास मात्र एकाच माणसावर ठेवला, आणि तिनेच माझा केसाने गळा कापला. हे मी रागात लिहितेय, मला माहीत आहे. राग गेला की लिहायचं असं आधी ठरवलं होतं. तो काही जायचं नाव घेईना, म्हणून बसले.

ती म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण. ऑफिस आपलं म्हणायचं. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे पुठ्ठ्याचे खोके छापणारा छोटा कारखाना आहे तो. खाली मशीन आणि खोके चिकटवणाऱ्या चार बायका, वर पोटमाळ्यावर आम्ही दोघी. मी बिलं आणि डिस्पॅच बघते, ती स्टोअर सांभाळते. बाकी सगळे पुरुष. ती घणसोली गावातली, मूळची तिथलीच, माझ्याहून थोडी मोठी आणि कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. मी कामाला लागले त्या दिवशी दुपारी तिने न विचारता आपला डबा माझ्या डब्याला लावून उघडला. मी देशावरची, सुक्या मासळीचा वास आला की नाक मुरडणारी. महिन्याभरात तिच्या डब्यातली जवळ्याची चटणी मी तिच्याआधी संपवायला लागले. मी तिला ताई म्हणायचे, ती मला बाय म्हणायची. सख्ख्या बहिणीला सांगितल्या नाहीत अशा गोष्टी मी तिला सांगितल्या आहेत.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे बायकांचं टॉयलेट होतं, जिन्याखाली. दारावर बाईचं चित्रसुद्धा होतं. पण कोरोनाच्या काळात बायका कामावर येत नव्हत्या तेव्हा त्यात पुठ्ठ्याचे गठ्ठे ठेवले गेले, आणि बायका परत आल्या तरी गठ्ठे हलले नाहीत. मी कामाला लागले ती त्यानंतर. पुरुषांचं टॉयलेट मागच्या बाजूला, त्याच्या दाराला धड कडी नाही. नाक्यावर सार्वजनिक आहे, तिथे ट्रकवाल्यांची गर्दी. शेठच्या केबिनला आतून जोडलेलं एक स्वच्छ टॉयलेट आहे, पण त्याला कुलूप. पहिल्याच आठवड्यात मी तिला त्याबद्दल विचारलं होतं.

"त्याची चावी शेठ कुनाला देत नाय गो," ती म्हणाली. "आमी बायका सवय करून घेतो. पानी कमी पी. काय होत नाय."

आपल्या बायकांना उपास शिकवावा लागत नाही. वर्षातून एकदा हरतालिकेला मी निर्जळी करायचे, आता रोज करायला लागले. सकाळी अर्धा कप चहा. ऑफिसात टेबलावर पाण्याची भरलेली बाटली असायची, ती संध्याकाळी तशीच भरलेली घरी यायची. जेवताना घोटभर, घास अडकला तर अजून घोटभर. ताक बंद, कलिंगड बंद. संध्याकाळी मी सोसायटीच्या गेटमधून आत शिरले की नवरा वरून बघून दार उघडूनच ठेवायचा, आणि मी चपला न काढता त्याच्या शेजारून धावत जायचे. त्याला वाटायचं घरी यायची ओढ आहे. आम्ही दोघी यात पटाईत झालो होतो, निदान मी तसं समजत होते. खालच्या बायकांपैकी कुणी कुरकुर केली की आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. "नवी हाय, शिकंल," ती म्हणायची. मला त्या हसण्यात केवढा मोठेपणा वाटायचा, आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेठचा तिच्यावर फार विश्वास. केबिनची चावी तिच्या कमरेला असायची, कारण आतल्या देवाच्या फोटोला फूल आणि अगरबत्ती ती करायची. सकाळी आल्या आल्या एकदा, आणि दुपारी शेठ पार्टीकडे गेले की परत एकदा. मला तिचं कौतुक वाटायचं. मी स्वतः घरातल्या देवाला सुट्टीच्या दिवशी अंघोळ घालणारी बाई. ती केबिनकडे निघाली की मी हटकून म्हणायचे, "ताई, माझ्यासाठी पण हात जोड ग." ती म्हणायची, "जोडते ना."

होळी झाली आणि माझं दुखणं सुरू झालं. डाव्या बाजूला, परकराची नाडी बांधतो त्याच्या बरंच वर, शेवटच्या बरगडीच्या खाली. तिथे कंबर नसतेच खरं तर. पण आपण बरगडीपासून माकडहाडापर्यंत सगळ्याला कंबरच म्हणतो आणि एकाच बामाने चोळतो. नवऱ्याने मुतखड्याचा ध्यास घेतला. त्याच्या घराण्यात सगळ्यांना मुतखडा होतो, त्यामुळे दुसरं काही दुखू शकतं हे त्याला मान्यच नाही. शेजारच्यांच्या कुंडीतली पानफुटीची पानं आली, सकाळी उपाशीपोटी ती चावायची, वर कुळथाचं कढण. "आणि भरपूर पाणी पी," तो म्हणायचा. मी हो म्हणायचे आणि ते भरपूर पाणी संध्याकाळी सातनंतर प्यायचे.

ताईने मुतखडा साफ उडवून लावला. "खडा असता तर तू गडबडा लोललीस असती. ही कंबरच हाय. तुजी खुर्ची वाईट." दुसऱ्या दिवशी तिने घरून उशी आणली आणि माझ्या पाठीशी लावली. उशीने फरक पडला नाही तेव्हा ती म्हणाली, बस बदल. बस बदलली. मग म्हणाली, पाळी जायचं वय हाय, हाडं बोलतात. मग म्हणाली, फायलींचे गठ्ठे तू उचलू नको, मी उचलते, आणि खरंच उचलायला लागली. कमरेचा पट्टाही तिनेच आणून दिला. दुपारी जेवण झालं की आम्ही रॅकच्या मागे जायचो आणि ती बाम चोळून द्यायची. तिचा हात हलका होता. इतकी माया कोण करतं हो परक्या बाईवर, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे.

एक दिवस चोळता चोळता तिने विचारलं, "थंडी वाजते का गो मधीच?"

मी म्हटलं, "हो, काल बसमध्ये वाजली. एवढ्या उकाड्यात!"

"आनि बाथरूमला गेलीस की जलजलतं?"

"उन्हाचं जळजळतंय."

तिचा हात थांबला. मग परत फिरायला लागला. "वरच्या पंख्यानं थंडी भरत असंल," ती म्हणाली. "शाल आनत जा."

मी शाल न्यायला लागले. मे महिन्यात, पावण्याला, पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर शाल पांघरून बिलं करणारी बाई मीच.

त्यानंतरच्या रविवारी मी घरात ओट्यापाशी उलटी केली आणि खाली बसले ती उठलेच नाही. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि दात वाजत होते. नवऱ्याने रिक्षात घालून खारघरच्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मला बसतं केलं आणि पाठीवर, बरगडीखाली, मुठीने अगदी हलकं ठोकलं. मी अशी किंचाळले की बाहेरून नर्स धावत आली.

दोन दिवसांनी, मी ऐकण्याच्या अवस्थेत आल्यावर, त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. खुर्चीने किंवा ओझ्याने धरलेली पाठ वाकल्यावर, वळल्यावर कमीजास्त होते, शेकलं की ऐकते. खड्याची कळ येते आणि जाते, जांघेपर्यंत उतरते, माणसाला एका जागी बसू देत नाही. माझं दुखणं यातलं नव्हतं. माझं इन्फेक्शन होतं, ते खाली सुरू झालं आणि वर चढत चढत किडनीपर्यंत गेलं. जळजळ होती, थंडी वाजत होती, म्हणजे शरीर सांगत होतं.

"लघवीला किती वेळा जाता?" त्यांनी विचारलं.

"सकाळी निघताना. आणि घरी आल्यावर."

"मधे?"

"मधे ऑफिस असतं," मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला हे माहीतच नव्हतं. बाईंनी सांगितलं, अजून थोडा उशीर केला असता तर हे रक्तात पसरलं असतं, आणि परत परत झालं तर किडनी कायमची खराब होईल. पाणी प्यायचं, आणि दर दोन-तीन तासांनी जायचं. ते जमत नसेल तर असली नोकरी सोडा. नवरा लगेच म्हणाला, सोडते. मी म्हटलं, सोडत नाही. मला ती नोकरी आवडते. पोटमाळ्यावरचं ते टेबल मी या वयात स्वतः मिळवलंय, आणि समोरच्या टेबलावर ताई होती.

ती भेटायला आली, शहाळी घेऊन. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी तिला सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसून माझे पाय दाबत राहिली आणि रडली. "बरी होऊन लवकर ये बाय," म्हणाली, "डबा एकटीला गिलवत नाय." माझ्यासाठी कुणी असं रडलं म्हणून मलाही भरून आलं.

कामावर परत गेले ती ठरवून गेले, लाज सोडायची. दर थोड्या वेळाने मागच्या पुरुषांच्या टॉयलेटला जायला लागले. दाराला कडी नाही, म्हणून ताई बाहेर पहारा द्यायची. आत नाक दाबून मी बसलेले, बाहेर ती कुणाला तरी सांगतेय, "थांब रे, बाईमानूस हाय आत." मला वाटायचं, माझ्या सख्ख्या बहिणीनेही हे केलं नसतं. आणि केबिनची, आतल्या टॉयलेटची, दोन्ही चाव्या त्या वेळी तिच्या कमरेला होत्या.

मला ते कळलं त्या दुपारी मागचं टॉयलेट तुंबलं होतं. ती केबिनमध्ये अगरबत्तीला गेलेली. शेठ बाहेर होते. मला धीर धरवेना. म्हटलं, तिलाच विचारावं, शेठना फोन करून आजचा दिवस चावी मागता येईल का. मी दार ढकललं. देवापुढे कुणी नव्हतं. अगरबत्ती पेटलेली नव्हती. आतल्या दारामागे फ्लशचा आवाज झाला, आणि ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"देवाचं झालं?" मी विचारलं.

ती पांढरीफटक पडली. "बाय, दार लाव आधी," म्हणाली.

आणि मी लावलं. या गोष्टीचा मला अजून स्वतःवर संताप येतो, की तेवढ्यातही मी तिचं ऐकलं. पाळीच्या दिवसांत घरच्या देवाला हात न लावणारी ही बाई ऑफिसातली अगरबत्ती महिन्याच्या एकाही दिवशी चुकवत नव्हती. समोर बसून इतकी वर्षं मी हे बघत होते, आणि हात जोड म्हणत होते.

मग तिने सांगितलं. मी कामाला लागायच्या आधी तिलाही हेच झालं होतं. अशीच जळजळ, अशीच थंडी, असंच हॉस्पिटल. परत आल्यावर शेठने तिला आतली चावी दिली, पण अट घातली, कुणाला कळता कामा नये, नाहीतर सगळ्या बायका केबिनमध्ये येतील.

"तुला सांगितलं असतं तर तू मागितली असतीस," ती म्हणाली. "मग खालच्या चौघींनी. मग शेठनं माजी पन काढून घेतली असती. मला त्ये दुखनं परत नको होतं गो. तुला ठावं हाय आता, कसं असतं."

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "थंडी वाजते का विचारलंस, तेव्हाच तुला कळलं होतं मला काय झालंय."

ती कोरडेच हात परत पदराला पुसायला लागली.

"शाल आण म्हणालीस तू मला."

"मला वाटलं, आपोआप बरं होईल," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "आता तू पन वापर. फक्त खाली बोलू नको."

भांडायला माझ्याकडे भरपूर शब्द होते, पण भांडायला उभं राहण्याइतका धीर नव्हता. भांडण अर्धवट टाकून मी आत गेले. स्वच्छ पांढरं टॉयलेट, घट्ट कडी, चंदनाचा साबण. मी तिथे बसून हमसून हमसून रडले. चावीचं मी सोडून दिलं असतं. भीती मला कळते, एकदा ते दुखणं भोगलेल्या माणसाची तर फारच कळते. पण खुर्ची, बस, वय, फायली, पंखा, तिने मला एकेक कारण शोधून शोधून आणून दिलं होतं, उशी आणली, पट्टा आणला, बाम चोळला, आणि जे एक कारण तिला स्वतःच्या अंगावरून पक्कं माहीत होतं तेवढं सोडून सगळी सांगितली. कारण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न टॉयलेटचा आला असता. माझ्या किडनीवर बाम चोळत ती चावी सांभाळत होती.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या चौघींना घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. ताईही मागून येऊन दाराशी उभी राहिली. मी म्हटलं, जिन्याखालचं टॉयलेट मोकळं करून द्या, नाहीतर आम्ही पाचही जणी उद्यापासून येत नाही. मोठं भांडण होईल म्हणून रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती. शेठ खुर्चीतून अर्धवट उठले.

"अहो मॅडम, बोलायचं ना मला! मी दर दसऱ्याला ताईंना विचारतो, लेडीज लोकांना काय पाहिजे का? ताई बोलतात, काही नको, सगळ्या खूश आहेत. काय ताई?"

ताईने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. शेठही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. स्वतःच्या जिन्याखाली काय कोंबलंय ते त्यांना रोज चढता-उतरता दिसत होतं, आणि विचारायचं कुणाला हे त्यांनी बरोबर निवडलं होतं. पण शेठकडून मी कधी कसली आशाच केली नव्हती, त्यामुळे त्यांचं मला फारसं लागलं नाही.

दुपारच्या जेवणापर्यंत गठ्ठे बाहेर निघाले. दोन माणसं, एक हातगाडी, एवढंच काम होतं ते. भिंतीवर जळमटं होती, एक झुरळ पळालं, खालच्या बायका हसत ओरडल्या. कुणीतरी नळ सोडला. आधी गंजाचं लाल आलं, मग स्वच्छ पाणी यायला लागलं. ताईने स्वतः फिनेल टाकून जमीन घासली, गुडघ्यावर बसून. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

चावीचं मी कुणालाच सांगितलं नाही, नवरा सोडून. तो म्हणाला, सांगून टाक, त्या बायकांना कळू दे. तिच्यावर उपकार म्हणून मी गप्प बसलेली नाही. सांगितलं असतं तर त्या चौघी तिच्यावर तुटून पडल्या असत्या, आणि मला माहीत आहे, मी मधे पडून तिचीच बाजू घेतली असती. तेवढी माया अजून माझ्यात उरली आहे, आणि मला सगळ्यांत जास्त चीड त्या मायेचीच येते.

आम्ही अजून समोरासमोर बसतो. कामाचं बोलतो. डबा मी आता खाली चौघींबरोबर खाते. गेल्या आठवड्यात मी जिना चढून वर आले आणि जरा टेबलाला धरून उभी राहिले. तिने ते बघितलं. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून उठून माझ्यापाशी आली.

"दुखतं का गो परत?" तिने विचारलं. "तिथंच?"

दुखत होतं. सकाळपासून, तिथेच, आणि अंगात बारीक कणकणही होती. हे नेमकं काय असू शकतं हे त्या अख्ख्या कारखान्यात मला आणि तिला, दोघींनाच माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. ती खरी होती याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही.

"नाही," मी म्हटलं. "खुर्चीने जरा अवघडलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच आपल्या टेबलाकडे परत गेली, आणि मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन केला, आजच्या आज डॉक्टरांकडे जायचंय म्हणून.